दुपारी तू घराला दिसत नव्हतीस

अक्का, काल पाणी सुटलं तेव्हा मी तुझ्या मधल्या खोलीत, तुझ्या पलंगाच्या कडेला बसलो होतो. कपाटावरच्या स्पीकरमधून माझाच आवाज आला. "अक्का, पाणी आलं गं." थोडं थांबून पुन्हा, "अक्का, पाणी आलं गं." मोटर सुरू होईपर्यंत हाक मारत राहायचं, असं मीच त्याला शिकवून ठेवलंय. मी उठलो नाही. माझ्याच आवाजाला ओ द्यायचं धाडस होईना आणि तो बंद करायचंही होईना. शेवटी अंगणातला हौद भरला, नळ गेला आणि आवाज आपोआप थांबला.

घर अजून तसंच चालू आहे. दिवेलागणीला देवघरातला दिवा लागतो. उजाडलं की अंगणातला विझतो. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा तेवढा फिरत नाही, कारण तव्यावर भाकरी नाही. सुनंदा अक्कलकोटहून फोन करते, म्हणते, "अण्णा, बंद करून टाक ते सगळं, ऐकवत न्हाई." आणि त्याच दमात म्हणते, "पण देवासारखं धावून आलं बघ ते यंत्र. त्यानं कळवलं म्हणून तू पळत गेलास तरी."

मी "हूं" म्हणतो. आपल्या धाकट्या बहिणीला मी अजून खरं सांगितलेलं नाही. ते तिला सांगायचंय. पण आधी तुला सांगावं, म्हणून लिहायला बसलो.

लहानपणी वडिलांचा रेडिओ मी खोलून ठेवला होता, आठवतं? जोडता येईना म्हणून स्क्रू मुठीत धरून मोरीत लपलो होतो. तू वडिलांना सांगितलंस, माझ्या हातनं पडला. बोलणी तू खाल्लीस. रात्रीच्या जेवणाला माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवलीस. पुढं मी यंत्रांच्याच नादाला लागलो, कॉलेजातलं सगळं नेटवर्क सांभाळायला लागलो, ते त्या भुवईमुळं, असं मला अजून वाटतं. तुला हे कधी सांगितलं नाही. तुला मी काहीच सांगितलं नाही म्हणा.

तो काळा डबा घेऊन आलो त्या रविवारी तू शेंगा फोडत बसली होतीस.

"हे काय आणलास रे तम्मा?"

आपल्या घरातलं कन्नड आटत आटत तेवढ्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं. तम्मा, धाकटा भाऊ. पन्नाशी आली तरी मी तम्माच.

"सर्व्हर आहे, अक्का. घराचा मेंदू समज."

"काम काय करतो?"

"चोवीस तास चालू राहतो. लक्ष ठेवतो."

"म्हणजे बसून खातो. घरजावईच की रे हा!"

आणि त्याचं नाव घरजावई पडलं ते पडलंच. फोनवर मी विचारायचो, घरजावई बरा आहे का? तू म्हणायचीस, "बसलाय की. ना बोलतो ना चालतो. तुझ्यावर गेलाय." पूजा झाली की विभूतीची तीन बोटं त्याच्या डब्यावरही ओढायचीस. एकदा तो सारखा बंद पडायला लागला म्हणून मी बघायला आलो, तर तू त्याला टॉवेलमध्ये छान गुंडाळून ठेवला होतास. धूळ बसू नये म्हणून. मी म्हटलं, अगं, त्याला गरम होतं. तू म्हणालीस, "इतका नाजूक असला तर सोलापुरात कशाला आणलास त्याला?"

हसलो होतो आपण. पण त्याच रविवारचं दुसरंही बोलणं आहे, ते मी आजवर टाळत आलो.

मी भिंतीवर सेन्सर बसवत होतो आणि तुला मोठ्या अभिमानानं सांगत होतो, की यातलं काही बाहेर जात नाही, सगळं या घरातल्या घरात राहतं. तू कधी उठतेस, कधी झोपतेस, परक्या कुणालाच कळणार नाही. तू हातातली शेंग तशीच धरून म्हणालीस, "कळू दे की रे. कुणाला तरी कळू दे मी कधी उठते ते."

मी स्क्रू पिळत राहिलो.

मग तू, सहज विचारल्यासारखं, "तुझ्याकडं वरची खोली रिकामीच हाय न्हवं?"

आणि मी म्हणालो, "तिथं नेट नीट येत नाही, अक्का."

तुला नेट काय करायचं होतं? त्या खोलीत माझ्या वायरी, जुने राउटर, रिकामी खोकी आहेत. तुझ्या भावजयीनं, रेखानं, दोनदा विचारलं होतं, अक्कांना इकडंच आणू या का म्हणून. नाही म्हणणारा मीच. का, ते आज स्वच्छ लिहितो. तू समोर बसलीस की माझ्याकडं बघत राहायचीस. काही विचारायची नाहीस, नुसती वाट बघायचीस की मी बोलेन. मला ते सोसायचं नाही. तू आणि मी 'जुळे सोलापूर' या एकाच भागात राहणारे, स्कूटरवर दहा मिनिटांचा रस्ता, आणि मी दहा मिनिटं यायचं सोडून भिंतीला डोळे बसवले. तू तेही ओळखलं होतंस. "तुझ्या डोक्याला शांतता पाहिजे म्हणतोस ना, मग तुझ्या डोक्याला बसव की हे," असं म्हणालीस आणि मग खुर्ची धरून उभी राहिलीस, मी पडू नये म्हणून.

एकच गोष्ट तुला मनापासून आवडली, ती पाण्याची. चार-पाच दिवसांआड पाणी, त्याची वेळ कुणालाच ठाऊक नसते, सगळी गल्ली कान टवकारून बसते. हौदात पाणी पडायला लागलं की घर तुला सांगणार. पण यंत्राच्या आवाजात "अक्का"चं "अका" व्हायचं, तू हसून बेजार. म्हणून मी माझा आवाज भरून दिला. मोटरही आपोआप लावतो म्हटलं, तर नको म्हणालीस. "हौदात पाणी नसताना मोटर कोरडी फिरली की जळते. ते मी बघणार. मला एक तरी काम ठेव." खोली आणि मोटर, दोन्हीवर आपला वाद अर्धाच राहिला. खोलीचा मी जिंकलो, मोटरचा तू.

मग उन्हाळा आला.

भिंतीवरचा तो डोळा माणूस बघत नाही, अक्का. अंगाची ऊब बघतो. भोवतालच्या हवेपेक्षा वेगळं काही हललं, की म्हणतो, कुणीतरी आहे. आता सोलापूरच्या वैशाखात हवाच अंगाइतकी तापते, तिथं त्याला वेगळं काय दिसणार? मला हे बसवताना सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण ज्यांनी तो बनवला ते कुठल्यातरी थंड गावचे आणि मी त्यांचं वाचून शहाणा झालेला.

पहिल्यांदा माझ्या फोनवर आलं, "दुपारपासून घरात हालचाल नाही." मी कॉलेजातून तसाच निघालो. दार ढकललं तर तू फरशीवर पाय पसरून ज्वारी निवडत होतीस.

"आलास? बस, सरबत करते."

"अक्का, मी काम टाकून आलोय. हलत का नाहीस जरा?"

"हलायलेच की मी! सकाळपासून हलायले. त्याला दिसत न्हाई तर मी काय करू?" आणि माझं तोंड बघून, "मग काय पडलेली सापडायला पाहिजे होते व्हय तुला?"

मी तुला कारण समजावून सांगितलं. हवा तापली की तू भिंतीत मिसळून जातेस, म्हटलं. तू म्हणालीस, "बरं झालं. लपाछपी खेळते आता मी."

सरबत न पिता गेलो. दुसऱ्या वेळी फोनवर विचारलं. मग फोनही कमी झाला. त्यात एक विचित्रच प्रकार सुरू झाला. भर दुपारी, हवा कढत असताना, जेव्हा कुणीही दिसता कामा नये तेव्हा, मधल्या खोलीत एकदम ठळक हालचाल दिसायची. एकदा, लगेच दुसऱ्यांदा, थोडं थांबून तिसऱ्यांदा. मग सगळं शांत. असं रोजच व्हायला लागलं. मी ठरवलं, हा सेन्सर बिघडला. आहे ते दाखवत नाही, नाही ते दाखवतो. बदलू म्हटलं, राहिलं. तोवर दुपारच्या सूचनांचा आवाज बंद करून टाकला. येतील त्या मुकाट येतील, सवड झाली की बघू.

त्या दिवशीही सूचना आली होती. मी पाहिली होती, अक्का. जेवून हात पुसले, फोन उचलला, "हालचाल नाही" हे वाचलं आणि बोटानं बाजूला सारलं. त्या दिवशी तुझी ती ठळक हालचालही नव्हती. ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

उन्हं कलताना पाणी सुटलं. हौद भरत आल्याचं मला फोनवर दिसत होतं आणि वरची टाकी तळाला. मोटर लागत नव्हती. तुला फोन केला, उचलला नाहीस. मला राग आला. पाणी जाईल, पुढचे चार दिवस टँकर शोधत फिरावं लागेल, असं मनात आलं. तेवढंच मनात आलं. त्या टाकीसाठी मी स्कूटर काढली.

फाटक उघडलं तर खिडकीतून माझा आवाज येत होता. "अक्का, पाणी आलं गं. अक्का, पाणी आलं गं." किती वेळ मी तुला हाका मारत होतो कोण जाणे. मला त्या आवाजाची कटकट झाली. मी आधी मोटर लावली. आवाज बंद झाला. मग बाहेरच्या जिन्यानं गच्चीवर गेलो, टाकीत पाणी पडतंय का बघितलं. मग खाली आलो. मग दार उघडलं.

डॉक्टर म्हणाले, दुपारीच गेल्या असणार, एकाएकी. मी त्यांना पुढं काही विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं का, तेवढं तू सांग.

सुनंदा आली ती रडत रडत विचारत होती, "कळलं कसं रे तुला?" मी म्हणालो, "घरानं कळवलं." शब्दानं ते खरंच होतं. उरलेलं तिनं आपल्या मनानं जोडलं आणि मी जोडू दिलं. तुला माती दिली, तुझ्या नावानं गणाराधनेचं जेवण झालं, आणि पंगतीत प्रत्येक जण माझ्या पाठीवर हात ठेवत होता. एकटी राहणारी बाई, पण भावानं कसली सोय करून ठेवली होती! आमच्या आईकडंही बसवून दे बाबा. मी वाढत राहिलो. एकाच द्रोणात दोनदा खीर वाढली, लोकांना ते दुःख वाटलं.

तेव्हापासून दुपारी मी तुझ्याकडं येतो. आता येतो. कुलूप काढून मधल्या खोलीत उभा राहतो. हात हलवतो, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालतो आणि फोनमध्ये बघतो. "घरात कुणी नाही." माझ्याच घामानं माझा शर्ट अंगाला चिकटलेला असतो, माझाच श्वास मला ऐकू येत असतो, आणि घराच्या लेखी मी नसतो. संध्याकाळी हवा जरा उतरली की मात्र, मी निघून गेल्यावर, घरी फोन वाजतो. "मधल्या खोलीत हालचाल." पडदा असेल. पालही असते. मी प्रत्येक वेळी स्कूटर काढतो.

गेल्या आठवड्यात शेजारच्या महादेवीकाकूंनी बोलावलं. त्यांच्या मुलानं पुण्याहून मला फोन केला होता, अक्कांसारखंच आईकडं बसवा म्हणून. काकूंनी खुर्ची पुढं केली. मी उभाच राहिलो.

"काकू, मी हे तुमच्याकडं बसवणार नाही."

"का रे बाबा?"

"उन्हाळ्यात दुपारी याला माणूस दिसत नाही."

"ते ठाऊक हाय की मला," काकू म्हणाल्या. "तुझी अक्का सांगितली होती. म्हणून तर ती टॉवेल करायची."

"कसला टॉवेल?"

"कसला म्हणजे? बादलीत बुडवायची, पिळायची न्हाई, आणि भिंतीवरच्या त्या डोळ्यापुढं हलवायची. असं." काकूंनी हात डोक्यावर नेऊन हलवला, लांबून येणाऱ्या एसटीला करतात तसा. "एकदा न्हाऊन ओल्या केसांनी पुढनं गेली तर त्याचा लाल दिवा लागला म्हणे. तिथनं तिला कळलं, गार काही हललं की दिसतंय याला. रोज दुपारी करायची. फरशी सगळी ओली. मी म्हटले, अगं पडशील! तर म्हणाली, तम्माला दिसू दे, न्हाईतर काळजी करत बसेल पोरगं."

मी खुर्चीत बसलो.

काकू पदरानं डोळे पुसत होत्या. "माझंच चुकलं बघ. त्या दिवशी तुझा आवाज लई वेळ येत होता. एरवी एक हाक मारलास की ती म्हणायची, आले की रे, आले. चहा घेतोस का, असं पण विचारायची त्या आवाजाला. त्या दिवशी तू मारायलास हाका, मारायलास. मला वाटलं, आज तम्मा खराच आलाय घरी. म्हणून मी बघायला गेले न्हाई."

त्यांना मी काय सांगणार होतो? तुमचं काही चुकलं नाही, एवढंच म्हणालो. फार मोठ्यानं म्हणालो बहुतेक. त्या दचकल्या.

तू मला रोज हात करत होतीस, अक्का. टॉवेलचं पाणी कोपरावरनं गळत असेल, पदर भिजत असेल. एकदा, दोनदा, थांबून तिसऱ्यांदा. मी त्याला बिघाड म्हटलं. आयुष्यात माझ्याशी इतक्या चिकाटीनं कुणी बोललं नसेल, आणि मी आवाज बंद करून ठेवला होता. तरीही, खरं सांगू? ते ऐकल्यापासून रडू येतं आणि त्याच्या तळाशी कुठंतरी जरा गारही वाटतं. तुझ्यावर पाळत ठेवतोय असं मला वाटायचं. तू उलट माझीच काळजी घेत होतीस, त्याच भिंतीतून.

इथवर रात्री लिहून ठेवलं आणि आज सकाळी एसटीनं अक्कलकोटला गेलो. फोनवर सांगायचं नव्हतं. सुनंदा स्वयंपाकघरात पीठ चाळत होती. मी तिथंच पाटावर बसलो आणि सांगितलं. मुकी केलेली सूचना, टाकी, मोटर, जिना, सगळं ज्या क्रमानं झालं त्या क्रमानं. टॉवेलपण सांगितला. ती चाळत राहिली. चाळणीत काही उरलं नव्हतं तरी चाळत राहिली.

"म्हणजे तू तिच्यासाठी आलाच न्हाईस," ती म्हणाली.

"नाही."

"मी सासरी सगळ्यांना सांगितलंय, अण्णा. माझा भाऊ लगेच पोचला म्हणून. त्या एवढ्यावर झोप लागायची मला." तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "कशाला सांगितलास?"

मग तिनं हात झटकले आणि अगदी तुझ्या आवाजात विचारलं,

"मोटर लावलास म्हणतोस. बंद कुणी केली?"

मी आठवू लागलो. टाकी भरली होती. भरून वाहत होती. तुझं डोकं मांडीवर घेऊन मी बसलो होतो आणि गच्चीवरनं पाणी पडत होतं, पन्हाळीतून अंगणात, अंगणातून फाटकाखालनं रस्त्यावर. एरवी गल्लीत कुणाची टाकी वाहिली की चार घरं ओरडतात. त्या संध्याकाळी कुणी ओरडलं नाही. माणसं येत गेली, पाण्यातून वाट काढत आत आली. हौद संपला, मोटर कोरडी फिरायला लागली, तिचा आवाज बदलला, तोही मी ऐकत होतो. मग जळका वास आला आणि ती आपली आपण थांबली.

"कुणीच नाही," मी म्हणालो.

सुनंदा तेव्हा खाली बसली, माझ्या शेजारी, पिठाच्या हातांनी. म्हणाली, "मी आले तेव्हा अक्काच्या दारात चपला काढायला कोरडी जागा नव्हती."